इरिगा स्टेशनवरची पाणीवाली

२०२५ च्या १७ एप्रिलला, गुरुवारी, सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात गेले तर आते ओट्याशी पाठमोरी उभी होती. मुलीचा डबा भरून झालेला, चहाचं पाणी उकळून उकळून निम्मं झालेलं. ती वळली तेव्हा तिचे डोळे सुजलेले दिसले आणि माझ्या पोटात धस्स झालं. तिची आई गावी आजारी असते. मी विचारलं, "कोण गेलं?" ती म्हणाली, "आते गाय, मॅम."

आधी 'आते'चा खुलासा करते. गेली सहा वर्षं सिंगापूरमध्ये आमच्या घरी राहणारी ही बाई फिलिपिन्सच्या बिकोल भागातली. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात. माझी मुलगी पहिल्या दिवसापासून तिला तीच हाक मारते. चिपळूणला माझ्या आईला बरेच दिवस वाटत होतं की नातीला कुणी आत्याच सापडली आहे. आणि 'गाय' हे नोरा आउनोर या नटीचं लाडाचं नाव. अख्खा देश तिला आते गाय म्हणतो, म्हणजे गायताई. ती १६ एप्रिलला गेली होती, ७१ वर्षांची होऊन, ७२ व्या वाढदिवसाला महिना उरला असताना.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. घरचं कुणी नाही, नटी गेली. आणि त्यामागोमाग थोडी चिडलेही. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी, आमच्याकडे बारा माणसं जेवायला, आणि ही सिनेनटीसाठी रात्रभर रडली? मी "ओह, सॉरी" म्हटलं आणि कणीक काढायला सांगितली.

दिवसभर मला ते खुपत राहिलं, कारण मला ६ फेब्रुवारी २०२२ आठवत होता. रविवार होता. लताबाई गेल्या. मी याच ओट्याशी फोन टेकवून बातम्या बघत रडत होते. आते बाहेर जायची थांबली. तिने चहा करून शेजारी ठेवला आणि हळूच विचारलं, "फॅमिली, मॅम?" मी म्हटलं, हो, तसंच. तिने पुढे एक शब्द विचारला नाही. संध्याकाळचा स्वयंपाक तिने न सांगता केला, सुट्टी असून.

म्हणून शुक्रवारी रात्री पाहुणे गेल्यावर मी तिला म्हटलं, तुझ्या आते गायबद्दल सांग. भांडी घासता घासता ती जे सांगत गेली, आणि पुढच्या चार दिवसांत मी जे वाचलं, पाहिलं, ते इथे लिहिते आहे.

नोरा, मूळची नोरा विलामायोर, १९५३ मध्ये इरिगा नावाच्या गावात जन्मली. मनिलाहून बिकोलला जाणारी रेल्वे या गावावरून जाते. वडील रेल्वेवर ओझी वाहायचे, घरात भावंडं बरीच, आणि ही पोर गाडी थांबली की खिडक्यांखालून पाणी विकत धावायची. आपल्याकडे चिपळूण-खेडला जांभळं, करवंदं घेऊन बायका धावतात, तसं. त्या गाडीच्या नावावरून बिकोलमधल्या एका झणझणीत रश्शालाही 'बिकोल एक्सप्रेस' म्हणतात. नारळाचं दूध, हिरव्या मिरच्या आणि डुकराचं मांस असं असतं त्यात. आते आमच्यासाठी तो भोपळा घालून करते. त्यांचं 'लाइंग' तर थेट आपलं अळूचं फतफतंच, फक्त पानं वाळवून घेतलेली आणि डाळ-दाण्यांऐवजी नारळाचं दूध. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा आईला फोन केला होता.

"माझी आई म्हणते, तिने नोराकडून पाणी घेतलं होतं," आते म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "इरिगात सगळ्यांच्याच आया असं म्हणतात, मॅम."

मुलगी गायची. १९६७ मध्ये, चौदाव्या वर्षी, 'तावाग नांग तांघालान' ही देशभर गाजणारी गाण्याची स्पर्धा ती जिंकली आणि तिथून सिनेमात आली. आता हे ऐकून आपल्याला फारसं काही वाटणार नाही, पण त्या काळच्या फिलिपिनो पडद्यावर कोण दिसायचं ते बघा. गोऱ्या, उंच, धारदार नाकाच्या, स्पॅनिश-अमेरिकन रक्ताची छटा असलेल्या मुली. त्यांना 'मेस्तिसा' म्हणतात. नोरा बुटकी आणि सावळी, चेहरा अगदी बाजारात दिसणाऱ्या शंभर जणींसारखा. सुरुवातीला तिला कडेकडेच्या भूमिका मिळाल्या. मग तिची जोडी तिर्सो क्रूझ या देखण्या गोऱ्या पोराशी जमली आणि देश वेडा झाला. त्या दोघांची 'मुलगी' म्हणून एक बाहुली होती, मारिया लिओनोरा तेरेसा. तिलासुद्धा चाहते होते! नोराच्या चाहत्यांना नोरानियन म्हणतात आणि तिची स्पर्धक विल्मा सांतोस हिच्या चाहत्यांना विल्मानियन. आतेची आई नोरानियन, मावशी विल्मानियन. घरात यावरून खरोखरची भांडणं झाली आहेत.

इथे माझ्यातला मराठी माणूस जागा झाला. मी म्हटलं, थांब, आमच्याकडेही होती. फोनवर स्मिता पाटीलचा फोटो काढून दाखवला. सावळी, मोठ्या डोळ्यांची, दोन राष्ट्रीय पुरस्कार, पद्मश्री, आणि ३१ व्या वर्षी गेली. आते फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. "खूप सुंदर आहे, मॅम," म्हणाली. आणि विचारलं, "गरिबाघरची होती?"

मला सांगावं लागलं की नाही, वडील मंत्री होते. त्यात स्मिताचा काही दोष नाही, आणि तिने पडद्यावर झोपडपट्टीतल्या बायका ज्या ताकदीने उभ्या केल्या त्याला तोड नाही, हे मी ठासून सांगितलंही. पण आतेला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं.

नोराचं मोठेपण निव्वळ लोकप्रियतेत नाही. विशीत पोचेपर्यंत ती सुपरस्टार झालेली होती, हवं तर आयुष्यभर गाणी-नाचाचे सिनेमे करत बसली असती. त्याऐवजी तिने स्वतःच्या निर्मितीसंस्थेचे पैसे अवघड सिनेमांत घातले. १९७६ मध्ये, हुकूमशहा मार्कोसच्या लष्करी कायद्याच्या काळात, तिने अमेरिकेला जायची स्वप्नं बघणारी नर्स केली. सिनेमात त्या नर्सच्या भावाला अमेरिकी तळावरचा सैनिक गोळी घालतो आणि रानडुक्कर समजलो असं सांगतो. १९८० मध्ये लिनो ब्रोका या दिग्दर्शकाबरोबर 'बोना' केला. त्यात एका फडतूस नटावर भाळलेली मुलगी घरदार सोडून त्याच्या खोपटात राहते आणि रोज पाणी वाहून आणून, तापवून त्याला अंघोळ घालते. तो तिला विचारतही नाही. शेवटी ती तेच उकळतं पाणी त्याच्यावर ओतते. सिनेमा पुढच्या वर्षी फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला गेला आणि दुरुस्त प्रत २०२४ मध्ये पुन्हा तिथेच. मी तो शनिवारी पाहिला. पाण्याचा डबा उचलताना तिच्या मानेची शीर ताठते, खांदा एका बाजूला कलतो. वजन उचलायची सवय असलेल्या बाईचा खांदा आहे तो.

आणि 'हिमाला'. नाव ऐकून आपल्याला डोंगर आठवतो, पण तागालोग या त्यांच्या भाषेत हिमाला म्हणजे चमत्कार. १९८२, दिग्दर्शक इश्माएल बर्नाल, लेखक रिकी ली. पाऊस नसलेल्या गावात एल्सा नावाच्या साध्या मुलीला ग्रहणाच्या वेळी मारियामातेचं दर्शन होतं, ती रोगी बरे करायला लागते, गावात माणसांचा पूर लोटतो. त्या माणसांबरोबर धंदा येतो, वेश्यावस्ती येते, रोगराई येते. शेवटी हजारो लोकांसमोर उंचावर उभी राहून ती सांगते की चमत्कार वगैरे काही नाही, देव आपणच बनवतो, शापही आपणच. आणि गर्दीतून गोळी सुटते.

हे आम्ही दोघींनी सोफ्यावर बसून पाहिलं. आते आमच्याकडे आल्यापासून सोफ्यावर कधी बसली नव्हती, मी "बस गं" म्हणायचे आणि ती स्टूल घ्यायची. त्या रात्री बसली. 'वालांग हिमाला', म्हणजे चमत्कार नाही, हे वाक्य आलं तेव्हा ती पडद्याबरोबर ओठ हलवत होती. आख्खं भाषण तिला पाठ होतं. शाळेत स्नेहसंमेलनात केलं होतं म्हणाली. मला आपल्याकडची एकपात्री म्हणणारी मुलं आठवली.

नोराचे डोळे हा तिथे म्हणीसारखा विषय आहे. ती फारसं काही करतच नाही, नुसती बघते. मी आपली नाटकं बघत वाढले, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे अशा सवयीची. मला पहिली पंधरा मिनिटं वाटलं, ही बाई काहीच करत नाही. मग कधी तरी लक्षात आलं की मी पडद्यावर दुसऱ्या कुणाकडे बघतच नाहीये.

आता सगळ्यात अवघड भाग. नोराने मोलकरणी बऱ्याच वेळा केल्या. १९७८ च्या एका सिनेमाचं नावच 'आत्साय', म्हणजे मोलकरीण. आतेने तो शब्द हळू आवाजात उच्चारला. तो चांगला शब्द नाही म्हणाली, आता 'कासाम्बाहाय' म्हणतात, घरातली सोबतीण. मी लगेच सांगितलं, आम्ही पण मावशी म्हणतो. ती हसली.

आणि १९९५ मध्ये नोराने फ्लोर काँतेम्प्लासिओन केली. हे नाव आपल्यापैकी फारसं कुणाला माहीत नसेल. इथे सिंगापूरमध्ये कामाला असलेली, चार मुलांची आई. १९९१ मध्ये दुसरी एक फिलिपिनो कामवाली आणि चार वर्षांचा एक मुलगा यांच्या खुनाचा आरोप तिच्यावर आला, शिक्षा झाली आणि १७ मार्च १९९५ रोजी तिला फाशी दिली. इथल्या न्यायालयाने तिला दोषी ठरवलं. तिच्या देशातल्या असंख्य लोकांनी ते कधीच मानलं नाही. राजदूत परत बोलावले गेले आणि त्याच वर्षी परदेशात राबणाऱ्यांसाठी तिथे नवा कायदा झाला. त्याच वर्षी सिनेमाही आला, आणि नोराला कैरोच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला.

आते तेव्हा शाळेत होती. शिक्षिकेने वर्गाला रडत रडत बातमी सांगितली होती. "मी इथे यायला निघाले तेव्हा आई पहिलं हेच नाव बोलली, मॅम."

मी त्यावर काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, आमच्याकडे तुला दर रविवारी सुट्टी आहे, फोन आहे, स्वतःची खोली आहे, कित्येक घरांत एवढंही नसतं. ती म्हणाली, हो मॅम, मी नशीबवान आहे. हे सगळं खरं आहे. आम्ही चांगले वागतो, मी हे कुणासमोरही सांगेन. माझी स्वतःची आई चिपळूणला एकटी असते आणि मी पैसे पाठवते, तेव्हा घरापासून लांब राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. पण तिने तक्रार केलेलीच नव्हती, तरी मी का सांगत सुटले, हे मला रात्री झोपताना कळेना.

नोराच्या वाट्यालाही काही कमी आलं नाही. २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर अमली पदार्थांच्या आरोपावरून अटक झाली, तो खटला पुढे रद्द झाला. २०१० मध्ये जपानमध्ये केलेल्या सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर गाण्याचा आवाज गेला. गाण्यावर उभ्या राहिलेल्या बाईचा आवाज! लताबाईंचा विचार मनात आला आणि अंगावर काटा आला. तरी ती उभी राहिली. २०१२ मध्ये ब्रिल्यांते मेंदोझा या दिग्दर्शकाच्या सिनेमात तावी-तावीच्या समुद्रावरच्या वस्तीतली मूल नसलेली सुईण केली, जी नवऱ्यासाठी दुसरी बायको शोधते. तो सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात गेला. २०१४ मध्ये तिचं नाव राष्ट्रीय कलावंत या सर्वोच्च सन्मानासाठी पुढे आलं आणि राष्ट्राध्यक्षांनी त्या जुन्या प्रकरणाकडे बोट दाखवून ते वगळलं. हे वाचून मी खरोखर संतापले. अटकेच्या एका नोंदीपुढे दीडशेहून अधिक सिनेमे फिके पडतात? स्त्री कलावंताकडे चारित्र्याचा दाखला मागण्यात आपणही मागे नाही. शेवटी २०२२ मध्ये तो सन्मान तिला मिळाला, 'हिमाला'चे लेखक रिकी ली यांच्याबरोबरच.

मंगळवारी, २२ एप्रिलला, मनिलात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होते. आतेने सकाळी दोन तास मागितले. मला नऊला मीटिंग होती, मुलीची तालीम होती, मी म्हटलं काम करता करता बघ ना. दहाला मीटिंग संपवून स्वयंपाकघरात आले तर तिने फोन तेलाच्या बरणीला टेकवला होता आणि पोळ्या लाटत होती. मी तिच्या हातातून लाटणं घेतलं. ती स्टुलावर बसली.

दफन वीरांच्या दफनभूमीत होतं, सैनिकांच्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी. लष्करी मानवंदना होती. बाहेर म्हाताऱ्या बायका जुने फोटो छातीशी धरून उभ्या होत्या. सगळ्या बुटक्या, सावळ्या. आते मला एकेक नट ओळखून सांगत होती, आणि माझ्या पोळ्या तिच्याइतक्या गोल होत नव्हत्या.

सगळं संपल्यावर तिने डोळे पुसले आणि विचारलं, "मॅम, त्या दिवशी तुम्ही जिच्यासाठी रडलात, त्या मॅडम काय गायच्या?" मी लताबाईंचं एक गाणं लावलं. तिने शब्द न कळता शेवटपर्यंत ऐकलं, मग माझ्या हातून फोन घेऊन नोराचं 'पर्ली शेल्स' लावलं. कोवळा, स्वच्छ आवाज होता. मुलगी खोलीतून ओरडली, "आते, हे कोण गातंय?"

"इरिगाची," आते म्हणाली, आणि तव्यावरची पोळी उलटली.