बेदाण्याचं नाक आणि पाच ग्लास

तासगावहून पहाटेची एसटी धरली की कराड-सातारा करत दुपारपर्यंत स्वारगेट येतं. या खेपेला पिशवीत घरचा बेदाणा होता, बायकोच्या मामांसाठी. मामा जहाजावर इंजिनिअर होते. आता सहकारनगरात असतात. बंदराबंदरातून ब्रँडीची, म्हणजे द्राक्षाच्या दारूची, एकेक बाटली जमवलेली, आणि "द्राक्षवाले ना तुम्ही? या एकदा, द्राक्षाचं पुढं काय होतं ते दाखवतो" हे आमच्या लग्नापासूनचं आमंत्रण. लग्नाला नऊ वर्षं झाली.

आमच्या घरात ब्रँडी म्हणजे औषध. आजीच्या कपाटात नऊवारी पातळांमागे एक चपटी बाटली असायची. थंडीत चमचाभर कोमट पाण्यातून, आणि छाती भरली की वरून चोळायलाही तीच. तिला दारू म्हटलेलं आजीला खपत नसे.

मामांनी टेबलावर पाच ग्लास मांडले होते. बुडाशी गोल, तोंडाशी निमुळते. सिनेमातला खलनायक तळहातावर घोळवतो तो फुगा कुठाय म्हणून विचारलं. "त्यातनं नुसता अल्कोहोल नाकात भडकतो. शोभेला बरा." शेजारी पाणी आणि साधा पाव. स्वारगेटला घेतलेली बाकरवडी मात्र मामींनी थेट फडताळात ठेवली. जिभेवर तिखट बसलं की पुढचं सगळं वाया, असा मामांचा कायदा. दुसरा, सरकारी कायदाही ते पाळतात. आजीवन परवाना फाईलमधून काढून दाखवला.

पहिला ग्लास पिस्कोचा, म्हणजे पेरू देशातल्या ब्रँडीचा, पाण्यासारखा पांढरा. लाकडाचा स्पर्श नाही, नंतर पाणीही घालत नाहीत. मामांनी माझ्या तळहातावर एक थेंब टाकला, "चोळा आणि थांबा." अल्कोहोल उडून गेला आणि हाताला फुलांचा वास राहिला. ही इटालिया नावाच्या सुवासिक द्राक्षाची होती. प्यायला मला जरा उग्रच वाटली, पण तो तळहात मी तीनदा हुंगला.

दुसरा ग्लास आपल्याकडचा, वाईन शॉपमधली स्वस्तातली. रंग झकास. वास घेतला आणि थेट आजीचं कपाट उघडलं: व्हॅनिला, कॅरॅमल आणि मागून एक ओळखीचा दर्प. "हा दर्प कारखान्याच्या रस्त्यावर येतो," मी म्हणालो. मामा खूश झाले. आपल्याकडच्या स्वस्त ब्रँडीत बहुतेक करून पाया असतो तो उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटचा. द्राक्ष असलंच तर थोडंसं. ज्या गावात अर्ध्या रानात द्राक्ष आणि अर्ध्यात ऊस, तिथं आजी आम्हाला द्राक्षाच्या नावानं ऊस पाजत होती तर! (ऊबही तशी खोटीच. अल्कोहोलनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून गरम वाटतं. शरीर उलट उष्णता गमावत असतं. आजीला हे सांगायची माझी छाती नव्हती.)

मग फ्रान्सचा कोन्याक, बाटलीवर व्हीएसओपी लिहिलेला. म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण दारूसुद्धा ओक लाकडाच्या पिंपात किमान 4 वर्षं राहिलेली. इथं मात्र मामांनी माझी शेतकरी म्हणून विकेट काढली. आम्ही साखर भरावी म्हणून घड वेलीवर ठेवतो, मीटर लावून गोडी मोजतो. कोन्याकवाल्यांच्या उनी ब्लां द्राक्षाची खासियत आंबटपणा. वाईन जेमतेम 9-10 टक्क्यांची, पातळ, आंबट. पण तांब्याच्या भांड्यातून दोनदा उकळून उतरवली की तोच आंबटपणा सुगंध राखतो. एक लिटर स्पिरिटला साधारण नऊ-दहा लिटर वाईन लागते. आमचंही तेच, चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा. आटवल्याशिवाय किंमत नाही. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे ज्या पहिल्या धारेचं एवढं कौतुक, ती ते बाजूला काढतात; मधलीच धार ठेवतात. चव गुळगुळीत, सभ्य. पेठेतल्या जुन्या बिऱ्हाडासारखी, कुठं आवाज म्हणून नाही.

आर्मान्याक त्याच्या उलट. तोही फ्रान्सचाच, गास्कनीतला, पण बहुधा एकदाच उतरवलेला, म्हणून अंगावर येतो. वाळवलेले आलुबुखार, ओली माती, थोडं चामडं. मामांची पसंती कोन्याकला, माझी याला. यावर अर्धा तास वाद झाला आणि दोघांनीही माघार घेतली नाही.

शेवटी स्पेनमधल्या हेरेसची ब्रँडी. ग्लास नाकाशी नेला आणि मार्चमधलं आमचं शेड उभं राहिलं. जाळीवर पसरलेले घड, तळाशी चिकट गोडवा, मणी आक्रसू लागतात तेव्हाचा तो जड वास. फक्त गंधकाच्या धुरीचा ठसका नाही. मी बेदाण्याची पिशवी उघडून शेजारी धरली. मामांनी दोन्हीकडे नाक लावलं आणि मान हलवली. ही ब्रँडी मुरते शेरी, म्हणजे तिथली कडक वाईन, मुरलेल्या पिंपांत, आणि काही पिंपांतली शेरी पेद्रो हिमेनेस जातीच्या, उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची. पिंपांच्या रांगा एकावर एक. खालच्यातून थोडी काढायची, तेवढी वरच्यातून भरायची, पिंप कधी रितं करायचं नाही. "विरजणासारखं," मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. इतका वेळ त्या ऐकत होत्या हे आम्हाला माहीतच नव्हतं.

घोट म्हणाल तर मला जास्त गोड लागला. वासानं जिंकलं ते जिभेवर थोडं हरलं.

ग्लास मामांनी रात्री धुऊ दिले नाहीत. सकाळी कोरडे पडलेले पाचही मी एकेक करून हुंगले. पिस्को गेलेली. गावठी ब्रँडीच्या ग्लासात नुसती साखर. आर्मान्याकमध्ये राखेसारखं काहीतरी. हेरेसच्या ग्लासात अजून शेड होतं, दार नुकतंच लावल्यासारखं.

"जावईबापू, ग्लास सोडा," मामी म्हणाल्या. "पोहे गार होतायत."