देणारीला कोणी विचारलं का?

मी पुण्यात वकिली करते, शिवाजीनगर कोर्टात, जास्त करून फॅमिली मॅटर्स. दत्तकाची कामं वर्षभर येत असतात आणि येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं, स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का आणि मूल आपलं. तसं नसतं हो. दत्तकाचे रस्ते वेगवेगळे आहेत आणि कुठला रस्ता आपला हे मूल कुठून येतंय आणि ते कोण देतंय त्यावर ठरतं. हे मला कितीही वेळा सांगावं लागलं तरी मी सांगते. गेल्या वर्षीच्या एका दिवसाबद्दल लिहितेय, ओळख पटेल असं काही देत नाही.

हडपसरकडचं कुटुंब, दोन भाऊ एकाच घरात. थोरल्याला मूल नाही, लग्नाला बारा वर्षं झालेली, आयव्हीएफ करून झालं, त्याचे हप्ते अजून चालू. धाकट्याला दोन मुली आणि आता तिसरीही मुलगी, पाच महिन्यांची. घरात ठरलं की तिसरी थोरलीच्या ओटीत घालायची. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा १९५६ खाली हे बसतं, थोरल्यांना मुलगी नाही, घेणारा बाप मुलीपेक्षा एकवीस वर्षांहून मोठा आहे, मूल पंधराच्या आतलं आहे. दत्तकपत्र रजिस्टर केलं, त्यावर देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्या असल्या की कोर्ट ते दत्तक कायदेशीर धरून चालतं, उलट कोणी सिद्ध केलं तरच प्रश्न. आणि प्रत्यक्ष मूल देणं-घेणं झालंच पाहिजे, नुसत्या कागदाने होत नाही. होमहवन केलाच पाहिजे असं मात्र नाही, सासूबाईंना ते ऐकून जरा वाईट वाटलं होतं.

मसुदा मी करून ठेवला पण आधीच सांगितलं होतं की बाळाच्या आईशी एकटीशी बोलल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. बाप देतो म्हणाला तरी आईची संमती लागतेच. मी दोनदा बोलवून घेतलं, दोन्ही वेळा तिला सोडून बाकी सगळे आले. "तिचं काय मॅडम, ती हो म्हणालीय." शेवटी रजिस्ट्रेशनच्या दिवशीच घेऊन आले.

त्या दिवशी सकाळी माझं दुसरंही एक काम होतं तेही दत्तकाचंच, म्हणून ते आधी सांगते. कोथरूडच्या एक बाई, पहिले मिस्टर वारलेले, दुसरं लग्न झालंय, नवीन मिस्टरांना तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला रीतसर आपलं करायचंय. हा सावत्र पालकाने दत्तक घ्यायचा रस्ता, बाल न्याय कायद्याखाली, कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या पोर्टलवर नोंदणी करायची, कागद अपलोड करायचे आणि शेवटी आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा. पूर्वी हे आदेश कोर्ट द्यायचं, १ सप्टेंबर २०२२ पासून कलेक्टरकडे गेलंय. पाच वर्षांच्या पुढच्या मुलाची स्वतःची संमतीही लागते, म्हणून मी मुलाशी बोलत होते तर त्याने विचारलं, "बाबांचा फोटो हॉलमधून काढावा लागेल का?" त्याचे नवीन बाबा पटकन म्हणाले, "नाही रे, तो तिथंच राहणार." मग मुलगा हो म्हणाला. आम्ही विचारलं म्हणूनच त्याच्या पोटातली ही भीती बाहेर आली.

तिथून मी दुय्यम निबंधक कार्यालयात पोचले. सगळे आलेले, पेढ्यांचा बॉक्स, थोरलीच्या अंगावर नवी साडी, मांडीवर बाळ, बाटलीने दूध पाजणं चाललेलं. बाळ बाटली तोंडात घेत नव्हतं, मान फिरवत होतं आणि किंचाळत होतं. धाकटी जिन्याच्या खाली उभी. मी विचारलं तुम्ही खाली का, तर म्हणाली, "सासूबाई म्हणाल्या वास आला की ती माझ्याकडं झेप घेते, सवय मोडायची आहे म्हणून." पदर तिने दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरला होता आणि तो ओला झाला होता. वरून बाळाचा आवाज आला की तिचं बोलणं अर्ध्यात थांबायचं.

मी तिला बाजूला एका बाकावर घेऊन बसले आणि एकच विचारलं, अगं तुला काय करायचंय? ती लगेच म्हणाली, "घरचे म्हणतील तसं." मी म्हटलं घरच्यांचं मी ऐकलंय, तुझं सांग. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली ताईंचं दुःख मला कळतं मॅडम, त्यांनी माझ्या बाळंतपणांत केलंय, मी नाही म्हटलं तर मी त्यांना काय तोंड दाखवू, आणि पोरगी समोरच वाढणार म्हणतात पण तिने मला काकी म्हणायचं, आणि तिला कधी सांगायचं नाही असं ठरलंय. आणि मग हळूच विचारलं, "नंतर मला नाही जमलं तर परत मिळते का?"

नाही मिळत. त्या कायद्याचं कलम १५ स्पष्ट आहे, एकदा वैध दत्तक झालं की ते रद्द करता येत नाही, घेणाऱ्यांना नाही, देणाऱ्यांना नाही आणि मोठं झाल्यावर त्या मुलालाही मूळ घरी परत जाता येत नाही. हे तिला कोणीही सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती रडली नाही, फक्त म्हणाली, "मग मी सही नाही करत."

वर जाऊन मी सांगितलं आज दस्त होणार नाही. सासूबाई भडकल्या. "घरातलंच लेकरू आहे, परक्याकडं चाललंय का? तुम्ही वकील लोकच घरं मोडता." धाकटा भाऊ गप्प. मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं थोरलीचं. तिने बाळ धाकटीच्या हातात दिलं, पर्स उचलली आणि कोणाशीही न बोलता रिक्षा करून निघून गेली. तिचं काहीच चुकलं नव्हतं, बारा वर्षं ती लोकांचे प्रश्न ऐकत होती आणि घरानेच तिला हे मूल देऊ केलं होतं.

ती आणि तिचे मिस्टर पुढे महिनाभराने आले, दोघेच. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की एका नर्सच्या ओळखीतून थेट मूल मिळतं, पैसे द्यायचे आणि जन्मदाखल्यावर डायरेक्ट आपलंच नाव. मी त्यांना तिथेच थांबवलं. हे दत्तक नाहीच, हा मुलांचा व्यापार आहे, बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ मध्ये विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला दोघांना पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे, हॉस्पिटलचा माणूस त्यात असेल तर तीन ते सात वर्षं. आणि मी त्यांना विचारलं, त्या मुलाची आई कोण, तिला कोणी विचारलंय का, हे तुम्हाला कधी कळणार?

मग आम्ही नीट बसलो. संस्थेतून दत्तक म्हणजे काय ते सांगितलं. एखाद्या आईला मूल सांभाळणं शक्यच नसेल तर ती बाल कल्याण समितीपुढे ते सोपवते, आणि त्यानंतरही कायदा तिला दोन महिने देतो, मन बदललं तर मूल परत न्यायला. तेवढी मुदत संपल्यावरच मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर होतं. हे ऐकताना थोरली पहिल्यांदा म्हणाली, "तिला आपण दोन महिने काय, दोन तास पण दिले नव्हते." मिस्टर मान खाली घालून बसले होते.

वयाचं गणित त्यांना जमत होतं, नवरा ४१, बायको ३७, बेरीज ७८, दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत चालते, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००. थांबावं लागतं हे मी लपवलं नाही, लहान निरोगी बाळासाठी तीन वर्षं आणि त्याहूनही जास्त. मोठं मूल, भावंडांची जोडी किंवा विशेष गरजा असलेलं मूल चालणार असेल तर वाट बरीच कमी होते, पण नुसतं लवकर मिळतंय म्हणून ते निवडू नका असंही बजावलं. फॉस्टर केअरबद्दल त्यांनी विचारलं, मी म्हटलं त्यात मूल सांभाळायला मिळतं पण ते लगेच तुमचं होत नाही, त्याचे आईवडील असू शकतात, ज्यांना ते पेलतं त्यांनीच घ्यावं. त्यांना ते नको होतं, आणि तसं सरळ सांगितलं हे मला आवडलं.

पोर्टलवर नोंदणी झाली, संस्थेच्या समाजसेविका होम स्टडीसाठी घरी येऊन गेल्या. त्या घरातल्या सगळ्यांशी बोलल्या, सासूबाईंशी आणि धाकटीशीपण. बाहेरचं मूल या घरात आलं तर तुम्हाला कसं वाटेल असं धाकटीला विचारलं तर ती म्हणाली माझ्या तिघींचे कपडे मी जपून ठेवलेत. दोघी जावा आता बोलतात, आधीसारख्या नाही पण बोलतात.

सध्या ते यादीत आहेत. रेफरल आला, म्हणजे पोर्टलवर एखाद्या मुलाची माहिती आली, की ४८ तासांत मूल राखून ठेवायचं असतं, नाहीतर संधी जाते, म्हणून मोबाईल नंबर किंवा ईमेल बदलला तर त्याच दिवशी पोर्टलवर बदला हे मी दोघांनाही वेगवेगळं फोन करून सांगितलंय.