तिसऱ्याच देशाची सुट्टी

शुक्रवार, ६ ऑक्टोबर २०२३. दुपारी लुसाकाहून फोन आला. "आमचे पैसे अजून नैरोबीला पोचले नाहीत. ट्रक भरून उभा आहे आणि पैसे जमा झाल्याशिवाय कंपनी तो सोडायला तयार नाही." बोलणाऱ्या बाई झांबियातल्या एका छोट्या बँकेच्या परकीय चलन विभागात होत्या. त्यांच्या खातेदाराने केनियातल्या औषध कंपनीकडून रुग्णालयांसाठी सलाइन मागवलं होतं. अडकलेल्या परदेशी पेमेंटचा माग काढणं हे बँकेतलं माझं काम, त्यामुळे असे फोन रोजचेच. हा मात्र अजून डोक्यातून जात नाही.

लुसाकातला व्यापारी झांबियाचं चलन क्वाचा देतो, नैरोबीच्या कंपनीला केनियाचे शिलिंग हवेत. क्वाचा देऊन थेट शिलिंग मिळतील असा बाजार जवळपास नाहीच, म्हणून मध्ये डॉलर येतो. डॉलर आला की न्यूयॉर्क आलंच. या छोट्या बँकेचं पूर्वी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं खातं होतं, ते तिथल्या बँकेने बंद केलं. उलाढाल थोडी, तपासणीचा खर्च मोठा आणि दंडाची भीती त्याहून मोठी. २०११ ते २०१८ या काळात जगभरातल्या प्रतिनिधी बँकांची, म्हणजे दुसऱ्या बँकांची खाती ठेवून त्यांचे पैसे परदेशी पोचवणाऱ्या बँकांची, संख्या सुमारे २० टक्क्यांनी घटली, त्यात अशा कितीतरी बँका उघड्यावर पडल्या. ही बँक मग आमच्याकडे आली. आता तिचा पैसा आमच्याकडून न्यूयॉर्कमधल्या आमच्या बँकेकडे, तिथून नैरोबीवाल्यांच्या न्यूयॉर्कमधल्या बँकेकडे आणि मग कुठे नैरोबीला जातो. प्रत्येक टप्प्यावर तपासणी, प्रत्येक टप्प्यावर शुल्क.

पेमेंट कुठवर पोचलं ते दाखवणारा ट्रॅकर उघडला. पैसे न्यूयॉर्कला पोचून थांबले होते. औषध कंपनीला तिच्या संस्थापकाचं नाव होतं आणि ते निर्बंधांच्या यादीतल्या एका नावाशी जुळत होतं. अरबी वळणाचं नाव रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी लिहिलं जातं, त्यामुळे नावं तपासणारी संगणकाची गाळणी मिळतीजुळती नावंही अडवते. तिने अडवावं यात मला काही गैर वाटत नाही. पण पेमेंटच्या संदेशात जन्मतारीख नसते, म्हणून तो माणूस हा नव्हे, हे कुणीतरी कागद दाखवून पटवून द्यायचं.

न्यूयॉर्कने आम्हाला विचारलं, आम्ही लुसाकाला, लुसाकाने खातेदाराला, खातेदाराने नैरोबीच्या कंपनीला. मी बाईंना म्हटलं, "तुम्ही नैरोबीच्या बँकेलाच स्विफ्टवर, बँकांच्या संदेशजाळ्यावर, सरळ विचारा ना." त्या म्हणाल्या, "कसं विचारणार? आमचं त्यांच्याशी आरएमए नाही." आरएमए म्हणजे एकमेकांचे संदेश स्वीकारण्याची बँकांनी आधीच देऊन ठेवलेली परवानगी. हे दोन्ही देश कोमेसा या एकाच व्यापारी गटात आहेत, दोघांमध्ये फक्त टांझानिया आहे, आणि त्यांच्या या दोन बँकांना एकमेकींशी बोलायची सोय नव्हती. दोघींचंही आरएमए होतं ते आमच्याशी. मी थोडा वेळ नुसताच बसून राहिलो.

कोमेसाची स्वतःची पेमेंट यंत्रणाही आहे, रेप्स. ती २०१२ मध्ये सुरू झाली, हिशोब मॉरिशसच्या मध्यवर्ती बँकेत मिटतो आणि न्यूयॉर्कपर्यंतची ही साखळी वाचते. बाईंना तिचं नाव माहीत होतं. "पण त्या वाटेने आम्ही कधी पाठवलंच नाही," त्या म्हणाल्या. ती वाट बांधायला ज्यांनी वर्षं घालवली त्यांच्यासाठी मला फार वाईट वाटलं.

जन्मतारीख आणि पासपोर्टची प्रत आली तेव्हा नैरोबीत संध्याकाळचे सहा वाजले होते, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा. वेळ भरपूर होता. पण तिथे एकाने पाहून दुसऱ्याने मंजूर करायचं असतं आणि दुसऱ्याच्या टेबलावर रांग होती. मी दर अर्ध्या तासाने विचारत राहिलो. मंजुरी आली तेव्हा त्या दिवसाची पेमेंटची वेळ टळून गेली होती.

मग कॅलेंडर पाहिलं. शनिवार-रविवार बंद. सोमवारी ९ तारखेला अमेरिकेत कोलंबस दिनाची सुट्टी, म्हणून बँकांमध्ये डॉलर पाठवणारी तिथली यंत्रणा, फेडवायर, बंद. मंगळवारी १० तारखेला केनियात उतामादुनी दिनाची सुट्टी. म्हणजे पैसे बुधवारी जमा होणार. केनियाच्या सुट्टीने केनियातलं काम थांबावं, हे समजू शकतो. सोमवारी मात्र लुसाकात कामाचा दिवस, नैरोबीतही कामाचा दिवस, आणि सलाइनचा ट्रक अमेरिकेच्या सुट्टीसाठी उभा!

रात्री बाईंना पुन्हा फोन लावला. त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला. मी म्हटलं, "रक्कम तुमच्या खातेदाराच्या खात्यातून वळती झाली आहे, ती आता परत मागणार नाही, असं तुमच्या बँकेने स्विफ्टवर लिहून द्या. संदेश आम्हाला पाठवा, आम्ही तो नैरोबीला पुढे करतो." त्यांनी त्यांच्या मॅनेजरना उठवलं, मी माझ्या. आमच्या साहेबांनी मसुद्यातलं एक वाक्य तीनदा बदलायला लावलं: हमी लुसाकाच्या बँकेची आहे, आम्ही फक्त निरोप्ये आहोत, हे अगदी स्पष्ट हवं होतं. बरोबरच होतं त्यांचं.

शनिवारी सकाळी नैरोबीची शाखा उघडताच संदेश त्यांच्यापुढे होता. तिथल्या अधिकाऱ्याने ट्रॅकरवर मंजुरीची खात्री केली आणि कंपनीला पत्र दिलं. दुपारी बाईंचा दोन शब्दांचा निरोप आला: "ट्रक सुटला."

सोमवारी मी दोन्ही बँकांना आरएमएचे अर्ज पाठवले. नैरोबीकडून लगेच होकार आला, लुसाकाच्या समितीला तीन आठवडे लागले.

पैसे बुधवारी, ११ तारखेला नैरोबीत जमा झाले. मी बाईंना कळवलं, तर त्या म्हणाल्या, ड्रायव्हरचा आत्ताच फोन येऊन गेला, गाडी झांबियाच्या नाकोंदे सीमेवर रांगेत लागली आहे.