बाळ सांभाळणाऱ्या मावशी आणि आमचा ब्युरो : आमची वाटचाल

पुण्यात घरकामाला बाई देणाऱ्या ब्युरोवाल्यांबद्दल चांगलं बोलणारं माणूस विरळाच. ‘कमिशन खातात आणि बाई महिन्यात पळून जाते’ हे मी लग्नकार्यात ऐकलंय, बँकेच्या रांगेत ऐकलंय, माझ्या माहेरीसुद्धा ऐकलंय. म्हणून सुरुवातीलाच सांगते. २००९ पासून आम्ही कोथरूडमध्ये तान्ह्या बाळांसाठी मावशी देतो. पेशंटची बाई नाही, स्वयंपाकाची नाही, धुण्याभांड्याची नाही. फक्त बाळ, आणि तेही दीड वर्षाचं होईपर्यंत. एवढं एकच काम धरून टिकलेला ब्युरो आमच्या भागात दुसरा नाही. हे मी ठासून सांगते, कारण मधे आमचं नाव पुसायचा पुरेपूर प्रयत्न झाला.

मुळात हे सगळं उभं राहिलं ते सिस्टरांमुळे. त्या आमच्या शेजारी राहायच्या. प्रसूतिगृहात उभी हयात काढून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. येणारीजाणारी प्रत्येक बाळंतीण त्यांना विचारायची, ‘सिस्टर, एखादी चांगली बाई आहे का हो ओळखीची?’ बायका त्यांच्या माहितीत होत्या. सुतारदरा, किष्किंधानगर ह्या इथल्याच वस्त्यांमधल्या, चार पोरं वाढवलेल्या, हाताला गुण असलेल्या. माझ्याकडे रस्त्यावरची पुढची खोली होती, टेलिफोन होता आणि हिशेब ठेवायची सवय होती. तेवढ्यावर भागीदारी झाली. कागद केला नाही, त्याची गरजही कधी पडली नाही.

सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात जुन्या सुती साडीची एक बाहुली शिवली. आत वाळू भरून ती तीन किलोची केली आणि मान मुद्दाम सैल ठेवली. नवीन मावशी आली की तिच्या हातात आधी ही बाहुली. मानेखाली तळवा न घालता उचलली की डोकं मागे लटकतं. सिस्टर काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघत राहायच्या. मावशीचं तिला कळायचं. आमच्या हाताखालून गेलेली एकही मावशी त्या बाहुलीवाचून कामावर गेलेली नाही. साडी झिजली की नवीन साडी, वाळू तीच.

दुसरं म्हणजे सेफ्टी पिना. आपल्या बायकांच्या मंगळसूत्राला चार पिना हमखास अडकवलेल्या असतात, पदराला एक असते ती वेगळी. बाळाचा गाल नेमका तिथेच येतो. त्या काढून दारातल्या डबीत टाकायच्या आणि संध्याकाळी परत घ्यायच्या. बांगड्यांचा प्रश्न नाजूक. सवाष्ण बाईला ‘हातातल्या काढ’ म्हणायचं नाही, हे सिस्टरांचं ठाम मत. त्यांनी मऊ मलमलीच्या बाह्या शिवल्या, कोपरापासून मनगटापर्यंत. बांगड्या वर सारायच्या आणि त्यावर बाही चढवायची. मालिश, अंघोळ, भरवणं, सगळं त्यातच. नखं दर सोमवारी आमच्यासमोर कापायची. मिश्री लावून ड्यूटीवर जायचं नाही. ह्या एका नियमापायी फार चांगल्या चांगल्या बायका सोडून गेल्या, तरी तो आम्ही कधी सैल केला नाही.

आणि दुधाची शिकवण. नोकरीवर जाणारी आई स्वतःचं दूध काढून फ्रीजमध्ये ठेवून जाते. आपल्या बायकांचा हात सवयीने पातेल्याकडे जातो, दूध म्हटलं की उकळायचं. आईचं दूध गॅसवर ठेवायचं नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करायची. बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, त्यापुढे टाकून द्यायचं. टाकताना बाईचा जीव तुटतो, पण टाकायचं. पावडरचं दूध असेल तर आधी पाणी, मग पावडर, चमचा सपाट. घट्ट केलं की बाळ गुटगुटीत होतं असं अजून किती घरांत समजतात! बाळाला झोपवायचं पाठीवर. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं तर हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. हे बाहुलीवर इतकं करून घेतो की झोपेतसुद्धा हात चालावा.

‘बाळ धरायला ट्रेनिंग कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाऊसवर हल्ला झाला, तेव्हा जेमतेम दोन वर्षांच्या मोशेला उचलून गोळीबारातून बाहेर आणलं ते त्याला सांभाळणाऱ्या सॅण्ड्रा सॅम्युअल यांनी. आईवडील गेले, आणि त्या बाळासाठी त्या इस्राएलला गेल्या. आम्ही ब्युरो काढला तो त्याच्या पुढच्याच वर्षी. प्रत्येक नव्या मावशीला सिस्टर ही हकीगत सांगायच्या. आपण कोणाचं काय हातात घेतो ते तिला कळावं म्हणून.

पुढची वर्षं कामात गेली. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली आणि धंद्याचा आख्खा ताल बदलला. आधी फोन यायचा तेव्हा बाळ जेमतेम तीन महिन्यांचं, मान नुकती धरू लागलेलं. आता सहाव्या महिन्याला, म्हणजे ऐन उष्टावणाच्या वेळी. मग आम्ही मावश्यांना मऊ भात, नाचणीसत्त्व, मुगाचं कढण हे नव्याने बसवलं. मिक्सर नाही, हाताने कुस्करायचं. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, आजी कितीही म्हणाली तरी.

आता आमचं नाव पुसायला निघालेल्या त्या माणसाबद्दल. नाव घेत नाही. २०१८ मध्ये आमच्यापासून दोन इमारती सोडून त्याने दुकान उघडलं. त्याआधी सोसायट्यांना वॉचमन आणि हाउसकीपिंगची माणसं पुरवायचा. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर गोऱ्या बाळाचा मोठा फोटो. उद्घाटनाला आम्हालाही बोलावलं होतं. सिस्टरांनी त्याच्या हातावर साखर ठेवली.

आमची पद्धत आजही तीच आहे. घराकडून एकदाच अर्ध्या महिन्याच्या पगाराइतके पैसे, मावशीकडून एक रुपया नाही. त्याने घरांना सांगितलं, ‘आमची फी शून्य.’ मावश्यांना सांगितलं, ‘दोन हजार जास्त मिळवून देतो.’ तो मावशीच्या पगारातून महिन्याच्या महिन्याला कापून घेणार, हे दोघांनाही सांगितलं नाही. आमच्या मावश्या संध्याकाळी वनाजच्या बस थांब्यावर उतरायच्या, तिथे त्याचा पोरगा नंबर लिहून घ्यायला उभा असायचा. गणपतीच्या आधी एकेक फोन यायला लागले. ‘ताई, उद्यापासून मी येत नाही.’ काहींनी फोनही केला नाही. दिवाळीपर्यंत आमच्याकडे बोटांवर मोजण्याइतक्या बायका राहिल्या. ज्या घरांना मी वर्षानुवर्षं ओळखत होते, तीही गेली.

हेही मी गिळलं असतं. धंद्यात बायका इकडून तिकडे जातात, त्यांनाही घर चालवायचं असतं. पण त्याने व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरवला की आमच्या मावश्यांची पोलीस पडताळणी झालेली नसते. प्रत्येकीचं आधार, राहत्या घराचा पत्ता, दोन शेजाऱ्यांचे जबाब आणि पोलिसांचा कागद, असा लखोटा आमच्या कपाटात आहे, आणि प्रत पहिल्याच दिवशी घरी देतो. सुतारदऱ्यात कोण कुठल्या खोलीत राहतं हे मी स्वतः चढून जाऊन बघितलेलं आहे. तो मेसेज माझ्या नणंदेपर्यंत पोचला. तिने मला विचारलं, ‘खरं आहे का गं?’ हे मी अजून विसरलेले नाही, आणि विसरणारही नाही.

आमची वहीही त्याने उचलली. ही वही म्हणजे आमच्या कामाचा कणा. दोनशे पानी, प्रत्येक बाळाची वेगळी. किती वाजता किती मिली दूध, ढेकर निघाली की नाही, शी-शू, झोप, ताप, औषध कोणी कितीला दिलं. लिहिता न येणाऱ्या मावशीसाठी सिस्टरांनी खुणा ठरवल्या होत्या: बोंडल्याचं चित्र म्हणजे दूध, चांदणी म्हणजे झोप, थेंब म्हणजे शू. दीडव्या महिन्याच्या, अडीचव्या महिन्याच्या, साडेतीनव्या महिन्याच्या लशीचं पान लाल पट्टीचं, म्हणजे त्या दिवशी काय बघायचं ते मावशीला कळावं. त्याने ती जशीच्या तशी, चांदणीसकट, रंगीत छापून घेतली आणि वर स्वतःचं नाव टाकलं. वकिलाकडे जायचं माझ्या मनात होतं. सिस्टर म्हणाल्या, ‘वही नेली, हात कुठून नेणार?’

त्या हिवाळ्यात खोलीचं भाडं मी बांगडी मोडून भरलं. दुकान बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं. ते फिरवलं बाणेरच्या वहिनींनी.

वहिनींना जुळं. दोन्ही बाळं वजनाला कमी, एकाला चोखता येत नव्हतं. आमच्या मावशीने त्याला दोन-दोन तासांनी बोंडल्याने पाजून वाढवलं होतं. वहिनी आयटीतल्या, मोजकं बोलणाऱ्या. मेसेज त्यांच्याही सोसायटीत फिरला होता. त्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, ‘रविवारी मोकळ्या आहात का? सिस्टरांना आणि बाहुलीला घेऊन या.’ क्लबहाउसमध्ये सोसायटीतल्या वीसेक लेकुरवाळ्या बायका जमवल्या होत्या. वहिनींनी स्वतःच्या बाळांच्या वह्या टेबलावर मांडल्या, जन्मापासूनच्या. म्हणाल्या, ‘ह्या वाचा, मग काय ते बोला.’ सिस्टरांनी बाहुली फिरवली. प्रत्येकीने उचलून बघितली. आमच्या मावशीने घशात अडकल्यावर काय करायचं ते करून दाखवलं. मी एक शब्द बोलले नाही. त्या एका सोसायटीतून आलेल्या कामावर आमचं पुढचं वर्ष निघालं. वहिनींनी त्याबद्दल कधी साधा उल्लेखसुद्धा केला नाही. त्यांची जुळी आता शाळेत जातात, आणि राखीला आमच्या मावशीकडे येतात.

त्या माणसाचं पुढे काय झालं ते सगळ्या कोथरूडला माहीत आहे. बायका कमी पडायला लागल्या तसा तो झाडूपोछ्याची माणसं बाळावर पाठवायला लागला. चाळीस दिवसांच्या बाळाचं काढून ठेवलेलं दूध एकीने गॅसवर खळखळ उकळलं. दुसरीने बाळाला वॉकरमध्ये अडकवलं आणि फोनवर बसली. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे, आपल्याकडे बारशाला भेट येतो! घरं तुटत गेली, पगारातून कापलेल्या पैशांवरून बायकांनी दारात भांडण केलं आणि काचेचं दार बंद झालं. बायका परत आल्या. आम्ही घेतल्या. पण प्रत्येकीला बाहुली पुन्हा उचलायला लावली. तो मात्र मला बाजारात भेटतो तेव्हा हसून नमस्कार करतो. मेसेजबद्दल आजवर चकार शब्द नाही.

मार्च २०२०चा लॉकडाउन आला तेव्हा चोवीस तासांच्या मावश्या जिथे होत्या तिथेच राहिल्या आणि दिवसाच्या मावश्या घरी बसल्या. २०२१ मध्ये सरकारने घरेलू कामगारांना दीड हजार रुपये दिले, तेही घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंद असलेल्यांनाच. आमच्यातल्या बहुतेकींची नोंद नव्हती. तेव्हापासून मावशीचा अर्ज आमच्या टेबलावरच भरतो. त्याच सुमारास सिस्टर गेल्या. त्यांची खुर्ची आहे, त्यावर आता त्यांच्या हाताखाली शिकलेली मावशी बसते. मेट्रो झाल्यापासून आमच्या मावश्या वनाजला बसून, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून थेट पिंपरीपर्यंत जातात. पूर्वी त्या बाजूच्या घरांना मी सरळ नाही म्हणायची.

दोन शब्द घरांसाठीही. बाई शोधायची तर रजा संपायच्या आधी किमान तीन आठवडे शोधा, आणि त्यातले दहा दिवस तुम्ही घरात असताना तिला बाळाबरोबर राहू द्या. कॅमेरा लावायचा असेल तर तिला सांगून लावा. चोरून लावलेला कॅमेरा सापडला की बाई जाते, आणि ती जाते ते बरोबरच करते. तिचं जेवण वेगळ्या ताटलीत शिळं वाढू नका. तिची आठवड्याची सुट्टी ‘बघू’ म्हणून टाळू नका. दुपारी बाळ झोपल्यावर तिच्याकडून भांडी घासून घ्यायची असतील तर आमच्याकडे येऊ नका. बाळ झोपलं की तीही पाठ टेकते, कारण रात्री आठपर्यंत तिला ते कडेवर घ्यायचं असतं.

आणि आजी. आमच्या तुटलेल्या निम्म्या कामांमागे गुटी आहे. आई म्हणते सहा महिने दुधाशिवाय काही नाही, आजी सहाण घेऊन बसते, आणि मधे मावशी मरते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं की बाळाच्या पोटात काय जाईल ते आई ठरवेल. खाली आईची सही असते, आणि गेल्या वर्षापासून आजीचीही घेतो. सकाळी दहा ते एक आम्ही दुकानात असतो. मावशीला भेटायला याल तेव्हा बाळाच्या आजीलाही बरोबर घेऊन या.