कोची ते मुंबई शिडाच्या बोटीने: शक्यतो उलटं करा

"डिसेंबरात अरबी समुद्र म्हणजे तळं असतं, तळं," असं बोट विकणारा म्हणाला होता. खोटं नव्हतं ते. फक्त हे तळं रोज दुपारी बाराला संपतं, एवढं सांगायचं त्याने टाळलं. वर एका मित्राने पेटवलं, "दिलीप दोंदे २०१० साली एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले आणि तुम्हा दोघांना कोचीहून मुंबई जमणार नाही?" जमलं. पण दोंद्यांना वाटेत मासेमारीची जाळी किती लागली, ते एकदा विचारायला हवं.

बोट ३४ फुटी, सेकंडहँड, पाण्याखाली १.६ मीटर. माणसं दोन, नवरा आणि मी. शिडं, इंजिन, नांगर, चार्ट हे सगळं येतं असं धरून लिहिते आहे. येत नसेल तर आधी शिका, मग हे वाचा.

नकाशावर अंतर सुमारे ५८० सागरी मैल. आमच्या लॉगवर ७४० भरले. मधला फरक वाऱ्याने खाल्ला. हिवाळ्यात या किनाऱ्यावर मध्यरात्रीनंतर जमिनीवरून मतलई सुटते, ती सकाळी नऊ-दहापर्यंत टिकते. मग तास-दोन तास काहीच नाही, शीड लुळं पडतं. दुपारी वायव्येचा खारा वारा उठतो, १५ ते १८ नॉट, म्हणजे तासाला तितके सागरी मैल, आणि त्याच्याबरोबर आखूड, उभ्या लाटा. मुंबईकडे जाताना मोहरा, म्हणजे बोटीचं तोंड, जवळजवळ याच दिशेला. म्हणजे दुपारभर नाकावर बुक्के खायचे आणि नागमोडी जाऊन तासाला जेमतेम दोन मैल पदरात पाडायचे. मुंबईहून कोचीला जाणाऱ्याला हाच वारा पाठीवर मिळतो. आमच्या समोरून तशी एक बोट गेली, तिच्यावरचे लोक चहा पीत होते. आमचा चहा तेव्हा बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात होता.

कोची ते मंगळूर, मंगळूर ते कारवार छान झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. कारवारला नौदलाचा तळ आहे, लांबूनच जा. गोव्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, भरती चढत असतानाच आत शिरा. अख्ख्या प्रवासात शांत झोप लागली ती एकाच ठिकाणी, विजयदुर्गच्या आत, किल्ल्याच्या आडोशाला. आंग्र्यांनी आरमारासाठी ही जागा का निवडली, ते नांगर टाकल्यावर पाच मिनिटांत कळतं. दोन दिवस राहायचं होतं, एकच राहिलो. घाई. त्या घाईचं बिल गुहागरसमोर आलं.

दुपारचा वारा चुकवायचा म्हणून सगळे अनुभवी लोक सांगतात, पहाटे तीनला निघा, मतलई घ्या, दुपारच्या आत मुक्काम गाठा. आम्हीही तेच करत होतो. जयगडहून तीनला निघालो. वारा बाजूने, बोट सहा नॉटने पळत होती, अंधारात फेस चमकत होता. मी सुकाणूवर, नवरा खाली झोपलेला. पाचच्या सुमाराला समोर दिव्यांची जत्रा. लाल, हिरवे, निळे, लुकलुकणारे. समुद्राच्या नियमाने लाल दिवा म्हणजे बोटीची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. इथे लग्नाच्या मांडवातल्या एलईडी माळा. कुठला दिवा होडीचा, कुठला जाळ्याच्या टोकाचा, काही पत्ता नाही. एआयएसवर, म्हणजे आसपासच्या बोटी दाखवणाऱ्या यंत्रावर, एकही होडी दिसत नव्हती.

मी घाबरून इंजिन सुरू केलं, वळवायला बरं म्हणून. चूक ती हीच. नुसत्या शिडावर असतो तर जाळं कदाचित कीलखालून, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याखालून, सरकून गेलं असतं. पंखा फिरत होता म्हणून गुंडाळलं. इंजिनाचा आवाज खर्जात गेला आणि खाडकन बंद. पुढचे दोन तास आम्ही मागच्या बाजूने जाळ्याला बांधलेले, लाटा ढुंगणावर घेत उजाडायची वाट बघत बसलो.

सातला नवरा पाण्यात उतरला. कमरेला दोर, दुसरं टोक माझ्या हातात. डायव्हिंगची सुरी, जी आम्ही चार हजारांना घेतली होती, ती नायलॉनवरून नुसती घसरत होती. शेवटी ब्रेड कापायची दातेरी सुरी दिली, तिने काम केलं. पंख्याच्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, जाळं घासून घासून वितळलं होतं आणि त्याची हिरवी, दगडासारखी टणक कडी झाली होती. ती तो एका बाजूने करवतत होता. बोटीचा मागचा भाग लाटेवर उचलला जायचा आणि धप्पकन त्याच्या डोक्यावर यायचा. तो श्वास घ्यायला वर आला की मी एकच विचारत होते, "आहेस ना रे?" चाळीस मिनिटं लागली. कपाळावर दोन खोका, बोटीच्या तळाला चिकटलेल्या शिंपल्यांनी पडलेल्या. म्हणून सांगते, सायकलचं हेल्मेट बोटीवर ठेवा. हसू नका.

तेवढ्यात होडी आली. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, साठीचा. "ताई, जालं आमचं पाण्यातच होतं. तुम्हीच वर आलात." यावर काय बोलणार? त्याने चाळीस हजार सांगितले, बारा हजारांवर तुटलं. सहा मैल आत रेंज नव्हती. "हर्णैला पोचलात की टाका," म्हणाला, नंबर दिला आणि जाताना डेकवर चार बांगडे फेकले. सुवर्णदुर्गाच्या आड नांगर पडल्यावर आधी पैसे टाकले, मग झोपलो. ही लूट नव्हती.

लूट मुंबईत झाली. बंदरात नांगर टाकला, डिंगीचा, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या फुगवायच्या होडीचा, पंप फाटलेला, म्हणून किनाऱ्यापर्यंत तीनशे मीटरसाठी एका लाँचवाल्याला विचारलं. पंधराशे, माणशी. दिले, कारण पाय जमिनीला लावायचे होते. डिंगी फुगवून तयार ठेवा, कुणाच्या उपकारावर राहू नका. डिझेलचंही तेच. जेट्टीवर कॅन घेऊन येणारा लिटरमागे वीस-पंचवीस रुपये जास्त लावतो. रिक्षा करून पंपावर जा. निम्मा प्रवास इंजिनवरच होतो, तेव्हा हिशोब मोठा आहे.

पहाटे तीनला निघण्याचा सल्ला मी आता देणार नाही. विजयदुर्गच्या उत्तरेला तर अजिबात नाही. उजाडल्यावर निघा, मतलईचे उरलेले दोन-तीन तास घ्या, मग इंजिन, आणि एकला नांगर. टप्पे छोटे होतील, होऊ द्या. हर्णै ते मुंबई हा ७० मैलांचा टप्पा एका दिवसात बसत नाही, तो मुरूडला तोडा. रायगडच्या किनाऱ्याला रोवलेल्या खुंटांवरची डोल जाळी लागतात, ती तर हलतसुद्धा नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्र मोकळा. पण तेव्हा पावसाळा, म्हणजे विषय संपला.

एक राहिलं. कोचीला भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नसतो, मुंबईत उधाणाला तो चार-पाच मीटर होतो. कोचीच्या सवयीने नांगराची साखळी सोडाल तर रात्री बोट घसरेल. आमची घसरली, शेजारच्या ट्रॉलरच्या दोन हातांवर. रेडिओवर चॅनल १६, म्हणजे संकटात हाक मारायचं चॅनल, चालू ठेवा, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर चार्ट टेबलावर चिकटवून ठेवा. आम्हाला लागला नाही. गुहागरसमोर त्या दोन तासांत मी तो चारदा काढून बघितला, आणि मोबाइलला रेंज नव्हती.