हात धुवायच्या रांगेतली शाळा

आमच्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची २२ पोरं आणि नळ एकच. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांत चोळून हात धुवायला एकेकाला अर्धा मिनिट तरी लागतं. म्हणजे मदतनीस ताईंनी खिचडी उतरवली की रांगेतलं शेवटचं पोर जवळजवळ ११ मिनिटं नुसतं उभं. चिमटे, ढकलाढकली, रडारड, सगळं तिथेच व्हायचं. मी "तोंडावर बोट!" म्हणून ओरडायचे. चार वर्षांच्या पोटात भूक असताना एवढा वेळ गप्प उभं राहायला सांगणं अन्यायाचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता माझ्या ओच्यात चिंचोके असतात. पाच-सहा वर्षांच्यांच्या मुठीत थोडे थोडे द्यायचे आणि विचारायचं, "एकी की बेकी?" परवा एकाने मूठ उघडली, पायरीवर दोन-दोनच्या जोड्या लावल्या. तीन जोड्या झाल्या, एक उरला. "ताई, हा एकटाच राहिला. एकी!" मग त्याच्या मागच्या मुलीची मूठ उघडली. तिच्यातही एक उरलेला. दोघांचे उरलेले शेजारी ठेवून तो म्हणाला, "आता कोणीच एकटं नाही." ही बेरीज मी त्याला शिकवली नव्हती.

तीन वर्षांच्यांना मात्र चिंचोके अजिबात देऊ नका. नाकात जातात, घशात जातात. त्यांच्यासाठी नावाच्या टाळ्या. राधा म्हणजे दोन, ज्ञानेश्वरी म्हणजे चार. "तीन टाळ्यांच्या नावांनी पुढे या" म्हटलं की प्रत्येक जण स्वतःचं नाव टाळ्यांवर मोजू लागतं. अक्षर ओळखण्याआधी कानाला शब्दाचे तुकडे कळावे लागतात. ते काम नळापाशी फुकटात होतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा बिया, खडे, शंख-शिंपले असं आसपासचंच साहित्य वापरलं. खेळण्यांची पेटी नाही म्हणून अडून बसलेल्या नव्या सेविकांना मी हे आवर्जून सांगते.

सतरंजीची घडी घालताना "अर्धी, अर्ध्याची अर्धी" एवढंच म्हणत जायचं, जास्त काही नको.

घरी जायची वेळ सगळ्यांत अवघड. आया दारात, पोरांना घाई आणि चपलांचा ढीग. आता आधी जोड्या लावायच्या, मग लहानापासून मोठीपर्यंत ओळ करायची, मगच पाय घालायचे. पावसाळ्यात तर सगळ्यांच्या काळ्या प्लॅस्टिकच्या चपला सारख्याच दिसतात. त्या दिवशी एका मुलीने दोन चपला उलट्या केल्या, तळ बघितले आणि माझ्यापुढे धरल्या. दोन्हींची टाच एकाच बाजूने झिजलेली होती. "या दादाच्या," ती म्हणाली. "तो असाच चालतो."