स्वस्त दुकान पेठेतून निघून जाते तेव्हा

ब्रिटनमधील हाय स्ट्रीटबद्दल, म्हणजे तिथल्या गावोगावच्या मुख्य पेठेबद्दल, एक तक्रार हटकून वाचायला मिळते : एका पौंडाची दुकाने, म्हणजे जिथे प्रत्येक वस्तू एका पौंडाला मिळते ती, आली आणि पेठेची रया गेली. मला हे निदान पटत नाही. ही दुकाने पेठेतून उठून गेली की खरे नुकसान होते, आणि त्याची झळ सर्वांत आधी बसते ती ज्यांच्या दारात मोटार नाही त्यांना.

मुळात स्वस्त दुकान पेठेत उपरे कधीच नव्हते. ज्या वूलवर्थ या दुकानसाखळीसाठी आजही लोक हळहळतात, त्याने १९०९ मध्ये लिव्हरपूलच्या चर्च स्ट्रीटवर ब्रिटनमधले पहिले दुकान थाटले ते तीन आणि सहा पेन्सांत मिळणाऱ्या मालाच्या जोरावरच. सहा पेन्सांची ती कमाल मर्यादा दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली. जानेवारी २००९ पर्यंत त्याच्या ८०७ दुकानांना टाळे लागले आणि सुमारे २७,००० लोकांची नोकरी गेली, तेव्हा पेठेच्या ऐन मध्यावरचे ते प्रशस्त गाळे घ्यायला पाउंडलँड, बी अँड एम यांसारखी सवलतीची दुकानेच पुढे आली. त्यांनी ते घेतले नसते, तर कित्येक गावांत भर पेठेत फळ्या ठोकलेल्या काचा दिसल्या असत्या.

एकाच किमतीच्या दुकानाचे गणित मात्र फार नाजूक असते. किंमत हलवता येत नसल्यामुळे महागाईचा भार वस्तूच्या वजनावर पडतो, आणि उत्पादक पुडा लहान करून देतात. २०१६ मध्ये टोब्लेरोन या सुळकेदार चॉकलेटची १७० ग्रॅमची वडी १५० ग्रॅमची झाली, तीही सुळक्यांमधली दरी रुंदावून, त्यामुळे खोक्याची लांबी तशीच राहिली आणि आतले चॉकलेट घटले. त्यावर पाउंडलँडने पुढच्याच वर्षी प्रत्येक तुकड्याला दोन सुळके असलेली, १८० ग्रॅमची स्वतःची वडी बाजारात आणली. १९९० मध्ये बर्टन अपॉन ट्रेंट येथे सुरू झालेल्या या दुकानाला पुढे एका पौंडापलीकडच्या किमतीही लावाव्या लागल्या, आणि जून २०२५ मध्ये ही संपूर्ण साखळी अवघ्या एका पौंडाच्या नाममात्र किमतीला विकली गेली. त्यानंतरच्या पुनर्रचनेत आणखी दुकाने बंद झाली.

पण मला सर्वांत जास्त लागते ते विल्कोचे जाणे. १९३० मध्ये लेस्टर येथे सुरू झालेले हे दुकान ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेले आणि ऑक्टोबरपर्यंत सुमारे ४०० दुकाने मिटली. तिथे खिळे, स्क्रू, रंगाचे डबे, बल्ब, झाडू, कढया, बियाण्यांची पाकिटे असा संसाराला लागणारा किरकोळ माल एकाच छताखाली मिळत असे. नळ गळू लागला आणि एक वॉशर हवा आहे, एवढ्याशा कामासाठी बसने पेठेत येऊन अर्ध्या तासात घरी परतता येईल, अशी सोय देणारे दुसरे दुकान अनेक गावांत उरलेच नव्हते. विल्कोचे नाव दुसऱ्या साखळीने विकत घेतले आणि काही गाळे इतर सवलतवाल्यांनी घेतले, परंतु या क्षेत्रातल्या मोठ्या साखळ्यांचा ओढा गावाबाहेरच्या रिटेल पार्ककडे, म्हणजे मोठ्या दुकानांच्या संकुलांकडे, आहे.

त्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. तिथे माल उतरवायला ट्रक थेट मागच्या दारी लागतो, सगळी मांडणी एकाच मजल्यावर होते आणि गिऱ्हाइकाला गाडी लावायला फुकट जागा मिळते. पेठेतला गाळा बहुधा जुना आणि दोन-तीन मजली. वरचे मजले विक्रीच्या कामाचे नाहीत, तरी भाडे आणि डागडुजी चुकत नाही. शिवाय बिझनेस रेट्स हा कर जागेच्या अंदाजित वार्षिक भाड्यावर बेतलेला असल्याने दुकानाला नफा होवो वा तोटा, तो भरावाच लागतो. गोदामातून घरपोच माल पाठवणाऱ्यांना पेठेतल्या महागड्या जागेची गरजच नाही, हे वेगळे सांगायला नको. व्यापारी गावाबाहेर जातो यात त्याचा दोष नाही. पण म्हाताऱ्या माणसाने किंवा बाबागाडी ढकलत निघालेल्या आईने दोन बस बदलून वॉशर आणायला जावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधील स्थानिक परिषदांना एक नवा अधिकार मिळाला आहे : दोन वर्षांच्या काळात ३६५ दिवसांहून अधिक रिकामा राहिलेला गाळा एक ते पाच वर्षांच्या भाडेपट्ट्यासाठी लिलावात काढता येतो, मालकाची इच्छा असो वा नसो. हे पाऊल मला मनापासून आवडले. मात्र विल्कोने सोडलेले गाळे अवाढव्य आहेत, आणि एवढी जागा एका छोट्या दुकानदाराला पेलणार नाही. मालकांनी ते विभागून द्यावेत आणि परिषदांनी त्यांतला एक तरी भाग खिळे-स्क्रू विकणाऱ्याच्या हाती जाईल असे पाहावे, असे मला वाटते. कॉफीची दुकाने बहुतेक पेठांत आधीच पुरेशी आहेत.